अडलं तर विचारायचं कुठं? मुक्त सॉफ्टवेअरमधली मदतीची दारं

गाठसोड

नीट लिहिलेला प्रश्नसुद्धा भलत्याच दारात टाकला तर कुणी उचलत नाही. आणि दारं तर भरपूर आहेत: गिटहबचे इश्यू आणि डिस्कशन्स, मेलिंग लिस्ट, आयआरसी, मॅट्रिक्स, डिस्कॉर्ड असे चॅट, स्टॅक ओव्हरफ्लो, शिवाय प्रत्येक डिस्ट्रोचा (डेबियन, उबुंटू, फेडोरा असे लिनक्सचे वेगवेगळे तयार संच) स्वतःचा संसार. कुठल्या प्रश्नाला कुठलं दार, हे एका जागी लिहून ठेवू या. सुरुवात करतो, जाणकारांनी भर घालावी.

आधी दोन गोष्टी ठरवा. एक, तुमच्या हातात आहे ते काय? 'हे कसं करायचं' असा प्रश्न, बग, नव्या सोयीची मागणी, की सुरक्षेतलं भोक? दोन, बिघाड कुठल्या थरात आहे? मूळ प्रकल्पात म्हणजे अपस्ट्रीमला, डिस्ट्रोने बांधलेल्या पॅकेजात, की आपण स्वतः बदललेल्या कॉन्फिगमध्ये? पहिलं बहुतेकांना सांगता येतं. घोडं अडतं ते दुसऱ्यावर.

थर ओळखायची पहिली पायरी म्हणजे पॅकेज आलं कुठून ते बघणं. डेबियन-उबुंटूवर 'एपीटी पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की बसवलेली आवृत्ती आणि ती कुठल्या रेपॉझिटरीतली (पॅकेजांच्या कोठारातली) आहे ते दिसतं. फेडोरावर 'आरपीएम -क्यूआय' व्हेंडर आणि पॅकेजर सांगतं. फ्लॅटपॅक असेल तर 'फ्लॅटपॅक इन्फो', स्नॅप असेल तर 'स्नॅप इन्फो'मधलं पब्लिशरचं नाव. (आज्ञा इथं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाकायच्या.)

पीपीएमधून (उबुंटूसाठी बाहेरच्या कुणी चालवलेल्या रेपॉझिटरीतून) घेतलं असेल तर विचारायचं तो पीपीए चालवणाऱ्याला, उबुंटूला नाही. फ्लॅटहबवरची बरीच पॅकेजेस मूळ प्रकल्पाने बांधलेली नसतात, तिसऱ्याच कुणी बांधून ठेवलेली असतात. 'व्हेरिफाइड'ची खूण आहे का बघा. नसेल तर आधी त्या पॅकेजच्या स्वतःच्या गिटहब रेपॉझिटरीत जा.

तळटीप

चांगला विषय. पण एक शंका. शेवटी दुरुस्ती मूळ प्रकल्पवालेच करणार ना? मग सरळ त्यांच्याकडेच गेलं तर काय बिघडलं?

पॅकेजपंत

@तळटीप, बिघडतं ते असं. डेबियन स्टेबलमधली आवृत्ती दोन-दोन वर्षं जुनी असू शकते. अपस्ट्रीमला तो बग केव्हाच दुरुस्त झालेला असतो. तिथं गेलात की पहिलं उत्तर 'नव्या आवृत्तीवर बघा' आणि इश्यू बंद. त्यात आणखी एक गोम आहे: डेबियन सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्याच आवृत्तीत मागे नेऊन बसवतं, सोबत स्वतःचे पॅचही लावतं. म्हणजे आवृत्तीचा आकडा तोच दिसतो, आतला कोड मात्र वेगळा असतो. अपस्ट्रीमच्या माणसाला तो कोड माहीतच नसतो.

म्हणून आधी अपस्ट्रीमची ताजी आवृत्ती वेगळी चालवून बघायची. लिबरऑफिसची ॲपइमेज मिळते, बाकी बऱ्याच गोष्टी कंटेनरमध्ये चालवता येतात. ताज्या आवृत्तीतही तोच घोळ असेल तर अपस्ट्रीमकडे जा. तिथं नीट चालत असेल तर डिस्ट्रोकडे.

डिस्ट्रोकडे जायचे मार्ग ठरलेले आहेत. डेबियनवर 'रिपोर्टबग' हे साधन आवृत्ती आणि अवलंबित पॅकेजेसची यादी आपोआप जोडून बगची मेल तयार करतं. त्यात सिव्हिरिटी विचारली की उगाच 'ग्रेव्ह' किंवा 'क्रिटिकल' निवडू नका. त्यांचे अर्थ डेबियनने नेमके ठरवलेले आहेत (माहिती नष्ट होणं, सुरक्षेचं भोक पडणं वगैरे), आणि तुमची घाई त्यात बसत नाही. उबुंटूवर 'उबुंटू-बग' आणि पॅकेजचं नाव दिलं की लाँचपॅडवर, म्हणजे उबुंटूच्या बग-स्थळावर, नोंद होते. फेडोराचे बग रेड हॅटच्या बगझिलावर (बग नोंदवायच्या स्थळावर) जातात, नुसते प्रश्न फेडोरा डिस्कशनमधल्या 'आस्क फेडोरा' विभागात.

उपडिस्ट्रोवाल्यांनी (आर्चवर बेतलेलं मांजारो, डेबियनवर बेतलेली काली असं वापरणाऱ्यांनी) विशेष लक्ष द्यावं. आर्चच्या फोरमवर फक्त आर्च चालतं. मांजारोचा प्रश्न टाकलात की धागा बंद होतो, आणि तो राग नसतो, नियम असतो: मांजारो पॅकेजेस स्वतःच्या वेळापत्रकाने सोडतं, त्यामुळे आर्चवाल्यांचं उत्तर तिथं लागू पडेलच असं नाही. कालीचा प्रश्न डेबियनकडे नेला तरी हेच. आणि डेबियन स्टेबलमध्ये सिड (डेबियनची अस्थिर शाखा) किंवा उबुंटूच्या रेपॉझिटरी मिसळून ठेवल्या असतील तर ते आधीच सांगून टाका. या खिचडीला तिकडे 'फ्रँकनडेबियन' म्हणतात आणि 'एपीटी पॉलिसी'च्या आउटपुटमध्ये ती लगेच दिसते.

आयुष्य संपलेल्या आवृत्त्या तर विचारूच नका. पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला, सेंटओएस लिनक्स ७ चा ३० जून २०२४ ला. तिथं कुठल्याही दारात एकच उत्तर मिळतं: अपग्रेड करा.

रिंगशून्य

कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, वेगळं लिहावं लागेल, कारण तिथं गिटहब, फोरम असलं काही चालत नाही.

कर्नलचं बगझिला आहे, पण बहुतेक मेंटेनर (कोड सांभाळणारे) तिकडे फिरकत नाहीत. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजातच तसं सांगितलंय. खरी जागा म्हणजे त्या-त्या उपप्रणालीची मेलिंग लिस्ट. ती शोधायला सोर्समधली 'मेंटेनर्स' फाइल उघडा. प्रत्येक नोंदीत 'एम' पुढे मेंटेनर, 'एल' पुढे लिस्ट आणि काही ठिकाणी 'बी' पुढे बग कुठं नोंदवायचा ते असतं. एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरची 'बी' ओळ फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबकडे नेते. तिथले लोक मेलपेक्षा तेच बघतात. 'एस' ओळ तर कुणीच वाचत नाही! तिथं 'सपोर्टेड' किंवा 'मेंटेन्ड' असेल तर ठीक, 'ऑर्फन' असेल तर त्या कोडला वाली नाही, उत्तराची आशा कमी धरा. फाइल चाळायची नसेल तर 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमधली 'गेट मेंटेनर' स्क्रिप्ट '-एफ' आणि ड्रायव्हरच्या फाइलचा पत्ता देऊन चालवा, ती यादी काढून देते.

पाठवण्याआधी दोन तपासण्या. 'प्रॉक-सिस-कर्नल-टेंटेड' ही फाइल वाचा. ० असेल तर कर्नल स्वच्छ. दुसरा कुठलाही आकडा आला तर तो वेगवेगळ्या खुणांची बेरीज असतो: १ म्हणजे मालकी परवान्याचं मॉड्यूल, ४०९६ म्हणजे कर्नलबाहेर बांधलेलं मॉड्यूल. दोन्ही असतील तर ४०९७. एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर लावलेला असेल तर तो काढून, रीबूट करून, बिघाड पुन्हा होतो का ते बघा. नाहीतर रिपोर्ट बाजूला पडतो. दुसरी गोष्ट, डिस्ट्रोचा कर्नल वापरत असाल तर आधी डिस्ट्रोकडे जा, किंवा विनाबदल मेनलाइन (मूळ प्रकल्पाचा) कर्नल बांधून त्यावर बिघाड दाखवा.

पूर्वी चालत होतं आणि नव्या आवृत्तीत मोडलं असेल, तर त्याला रिग्रेशन म्हणतात आणि त्याचं वजन फार मोठं आहे. रिग्रेशनसाठीची स्वतंत्र लिस्ट सीसीत ठेवा आणि कुठल्या दोन आवृत्त्यांच्या मध्ये मोडलं ते लिहा. 'गिट बायसेक्ट' करून (मधल्या आवृत्त्या निम्म्या-निम्म्या करत तपासून) बिघाड आणणारा नेमका कमिट, म्हणजे कोडमधला बदल, दिलात तर त्या कमिटचा लेखकच बहुधा उत्तर देतो.

मेल साध्या मजकुरातच पाठवा. एचटीएमएल मेल कर्नलच्या लिस्टचा सर्व्हर परत फेकतो, त्यामुळे मोबाइलवरच्या जीमेल ॲपमधून पाठवलेली मेल लिस्टवर पोचतच नाही.

रफार

थर ओळखण्याचं एक उदाहरण आपल्या लिपीतलंच घेऊ, कारण यात लोक हमखास चुकतात. समजा लिबरऑफिसमध्ये 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला ऱ्य नीट उमटत नाही. बग कुणाचा? फाँटचा, अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझचा, लिबरऑफिसचा, की टाइप करताना कीबोर्डनेच भलतं अक्षर टाकलं?

खालून वर या. आधी मजकुरात नक्की कुठले युनिकोड बिंदू आहेत ते बघा. हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक. दोन्हींपैकी काहीच नसून साधा र आणि हलन्तच असेल तर रफार उमटणार, आणि तो बग नाही. कीबोर्डच्या नकाशातच तसं असेल तर ते एक्सकीबोर्ड-कॉन्फिगकडे न्यायचं. कगप आणि इनस्क्रिप्टचे मराठी नकाशे तिथंच आहेत.

मजकूर बरोबर असेल तर फाँट बदला. नोटो सान्स देवनागरीत नीट आणि दुसऱ्या फाँटमध्ये वाईट दिसत असेल तर दोष फाँटचा. नोटोमध्येच चूक असेल तर नोटोच्या देवनागरीची गिटहबवर वेगळी रेपॉझिटरी आहे, तिथं नोंदवा. मग 'एचबी-व्ह्यू'ला तोच फाँट आणि तोच मजकूर द्या. तो हार्फबझनेच चित्र काढून दाखवतो. त्यात नीट आणि लिबरऑफिसमध्ये चूक, तर लिबरऑफिसचं बगझिला. सगळ्याच फाँटमध्ये 'एचबी-व्ह्यू'सुद्धा चुकत असेल तर हार्फबझ.

एक बारकावा: फायरफॉक्स हार्फबझची स्वतःची प्रत सोबत बाळगतो. त्यामुळे 'फायरफॉक्समध्ये नीट दिसतं' एवढ्यावरून सिस्टिममधल्या हार्फबझला क्लीन चिट देऊ नका, आवृत्ती वेगळी असू शकते. कर्सर अक्षराच्या मध्येच अडकणं, बॅकस्पेसने अर्धंच अक्षर जाणं हे मात्र सहसा ॲपचं किंवा त्याच्या टूलकिटचं काम.

तळटीप

@रफार, हे भारी आहे. आता चॅटबद्दल लिहा कुणीतरी. डिस्कॉर्डवर दोन मिनिटांत उत्तर मिळतं, तर मेलिंग लिस्टच्या भानगडीत पडायचं कशाला?

धागेदोरे

दोन मिनिटांत मिळतं, आणि दोन महिन्यांनी तोच प्रश्न पडलेल्या माणसाला ते सापडत नाही. डिस्कॉर्डमधलं बोलणं सर्च इंजिनांना दिसत नाही. स्लॅकच्या फुकट योजनेत ९० दिवसांपूर्वीचे संदेश झाकले जातात. लिस्टचा संग्रह उघडा असतो. माझा कौल लिस्टला आणि डिस्कोर्ससारख्या फोरमला.

लिस्टचं नाव नीट वाचा मात्र. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचंच बघा: 'जनरल' सर्वसाधारण प्रश्नांसाठी, 'नोव्हिस' नवख्यांसाठी, 'परफॉर्मन्स' वेगासाठी, 'बग्ज' बगांसाठी. 'हॅकर्स' ही विकासकांची आपापसातली लिस्ट आहे, तिथं 'माझी क्वेरी हळू चालते' टाकायचं नसतं. क्वेरी हळू असेल तर 'एक्सप्लेन'चं आउटपुट 'ॲनालाइझ' आणि 'बफर्स' हे दोन्ही पर्याय लावून, टेबलची रचना आणि सर्व्हरची आवृत्ती यांसह द्या. नाहीतर पहिल्या उत्तरात तेच मागतील. अपाची प्रकल्पांत 'युजर' आणि 'डेव्ह' अशी फोड असते. सदस्य न होता मेल टाकली तर ती मॉडरेटरपाशी अडकते, म्हणून आधी सदस्य व्हा.

लिस्टवर नवा विषय काढायचा तर नवी मेल लिहा. जुन्या मेलला 'रिप्लाय' करून फक्त विषय बदललात तर हेडरमध्ये जुन्या मेलचा दुवा तसाच राहतो आणि तुमचा प्रश्न भलत्याच चर्चेच्या पोटात जाऊन बसतो. चर्चा धाग्यांनुसार वाचणाऱ्यांना तो दिसतही नाही.

पाइप

@धागेदोरे, अर्धंच पटलं. चॅटची जागा वेगळी आहे. जिथं पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरावर अवलंबून असतो, उदा. बूट होत नाही, नेटवर्क कार्ड दिसत नाही, तिथं लिस्टवर एकेका मेलला एकेक दिवस जातो. अशा वेळी आयआरसी किंवा मॅट्रिक्सच बरं. फक्त तिथं सुटल्यावर उत्तर कुठंतरी उघड्या जागी लिहून ठेवा, म्हणजे तुमची तक्रारही मिटेल.

आयआरसीचं तंत्र: मे २०२१ मध्ये फ्रीनोडवरून बहुतेक मोठे प्रकल्प लिबेरा चॅटवर गेले, त्यामुळे जुन्या लेखांत फ्रीनोड लिहिलेलं असेल तर लिबेरावर शोधा. (ओएफटीसीवरही काही आहेत, डेबियन त्यातलंच.) काही चॅनलांत टोपणनाव नोंदवल्याशिवाय बोलता येत नाही. 'कुणी आहे का?', 'एक विचारू का?' हे टाळा, थेट प्रश्न टाका. आणि थांबा! आयआरसीवर तुम्ही बाहेर पडल्यावर आलेलं उत्तर तुम्हाला दिसत नाही. पाच मिनिटांत निघून जाणाऱ्याला कुणी काय उत्तर देणार? लॉग चॅनलमध्ये ओतू नका, पेस्टबिनवर टाकून दुवा द्या. 'टर्मबिन'ला ९९९९ पोर्टवर 'एनसी'ने आउटपुट पाठवलं की दुवा परत मिळतो, डेस्कटॉप सुरू नसतानाही.

धागेदोरे

'उघड्या जागी लिहून ठेवा' हे किती जण करतात, तेवढं सांगा! बाकी मान्य.

पॅकेजपंत

स्टॅक एक्स्चेंजबद्दल थोडक्यात. स्टॅक ओव्हरफ्लो प्रोग्रॅमिंगसाठी. डेस्कटॉपवरचं सॉफ्टवेअर असेल तर सुपर युजर, व्यावसायिक सर्व्हर सांभाळण्याचं सर्व्हर फॉल्ट, उबुंटूपुरतं आस्क उबुंटू, बाकी लिनक्ससाठी युनिक्स अँड लिनक्स. 'कुठलं टूल चांगलं' असले मताचे प्रश्न तिथं सहसा बंद होतात, ते फोरमवर न्या. कोड देताना अख्खा प्रकल्प नको, चूक दाखवणारा लहानात लहान तुकडा द्या, जो दुसऱ्याला जसाच्या तसा चालवता येईल. तुकडा लहान करता करताच निम्म्या वेळा चूक सापडते.

गाठसोड

आरशांबद्दल, म्हणजे कोडच्या नुसत्या प्रतींबद्दल, सांगायचं राहिलं. गिटहबवर एखाद्या प्रकल्पाचा कोड दिसला म्हणजे तो प्रकल्प तिथं राहतो असं नाही. लिनक्स कर्नल, पोस्टग्रेएसक्यूएल आणि गिट यांच्या गिटहबवरच्या रेपॉझिटरी नुसत्या प्रती आहेत. गिटचे बग मेलिंग लिस्टवर जातात, आणि 'गिट बगरिपोर्ट' ही आज्ञा त्यासाठीचा साचा भरून देते. जीनोमचं स्वतःचं गिटलॅब आहे, केडीईचं स्वतःचं बगझिला, ब्लेंडरचं स्वतःचं स्थळ. एसक्यूलाइटचा स्वतःचा फोरम आहे आणि बगची सुरुवातही तिथूनच होते.

खात्री करायची तर रेपॉझिटरीतल्या 'रीडमी', 'सपोर्ट' आणि 'कॉन्ट्रिब्यूटिंग' या फाइली बघा. 'इश्यूमध्ये प्रश्न विचारू नका, डिस्कशन्समध्ये विचारा' असं तिथं लिहिलेलं असताना इश्यू उघडला तर तो बंद होणारच.

शोधताना गिटहबच्या इश्यूंत आधीच 'ओपन'ची गाळणी लागलेली असते. ती काढा, कारण उत्तर बहुधा बंद झालेल्या इश्यूत असतं. एररमधले आपले फोल्डर आणि आकडे वगळून उरलेला मजकूर अवतरणचिन्हांत घालून शोधा. तोच बग उघडा सापडला तर 'मलाही' अशी प्रतिक्रिया लिहू नका. पहिल्या पोस्टवर अंगठा द्या, कारण त्यावरून क्रमवारी लावता येते आणि शंभर जणांना मेल जात नाही. तुमच्याकडे वेगळी आवृत्ती, वेगळं हार्डवेअर, नवा लॉग असं काही असेल तरच लिहा.

कुलूपकिल्ली

सुरक्षेचं दार मात्र पूर्ण वेगळं. भोक सापडलं असं वाटलं तर उघडा इश्यू, फोरम, चॅट काहीच नाही. 'सिक्युरिटी' नावाची फाइल बघा. गिटहबवर प्रकल्पाने सोय चालू ठेवली असेल तर सिक्युरिटी टॅबमध्ये खासगी रिपोर्टचं बटण असतं, गिटलॅबवर इश्यू 'कॉन्फिडेन्शियल' करता येतो. पोस्टग्रेएसक्यूएल, कर्नल, डेबियन यांचे स्वतंत्र सुरक्षा-पत्ते आहेत. बऱ्याच डिस्ट्रोंना एकाच वेळी कळवायचं तर 'डिस्ट्रोज' ही बंद लिस्ट आहे, पण तिथं गुप्ततेची कमाल मर्यादा १४ दिवस.

थर ओळखणं किती महत्त्वाचं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं २०२४ चं प्रकरण. आंद्रेस फ्रॉइंड यांना आधी वाटलं की डेबियनच्या पॅकेजात गडबड आहे, म्हणून त्यांनी प्राथमिक माहिती डेबियनच्या सुरक्षा-पत्त्यावर दिली. मग दिसलं की मागचं दार मूळ प्रकल्पाच्याच ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत आहे. अपस्ट्रीममधलंच कुणी सामील दिसत असल्याने त्यांनी अपस्ट्रीमकडे बग नोंदवलाच नाही. 'डिस्ट्रोज'ला कळवलं आणि २९ मार्चला 'ओएसएस-सिक्युरिटी' या उघड्या लिस्टवर जाहीर केलं. सुरक्षेच्या भोकांच्या सामाईक यादीतली (सीव्हीई) त्याची नोंद सीव्हीई-२०२४-३०९४. एरवी अपस्ट्रीम हेच पहिलं दार, पण ते दारच फुटलेलं असेल तर कुठं जायचं, ते यातून कळतं.

आणि एआयने लिहून दिलेला 'भोक सापडलं'चा रिपोर्ट स्वतः पडताळल्याशिवाय पाठवू नका. कर्ल या प्रकल्पाच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी असल्या रिपोर्टांबद्दल जाहीर तक्रार केली आहे. प्रत्येक पोकळ रिपोर्ट तपासण्यात खऱ्या माणसांचा वेळ जातो.

पाइप

दार कुठलंही असो, पिशवीत हे असू द्या: सॉफ्टवेअरची आवृत्ती, डिस्ट्रो आणि तिची आवृत्ती, कर्नल ('युनेम -आर'), कसं बसवलं, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एरर मजकूर म्हणून द्या, स्क्रीनशॉट नको. चित्रातला मजकूर शोधता येत नाही. डेस्कटॉप मराठीत असेल तर आज्ञेच्या आधी 'एलसी_ऑल=सी' लावून ती पुन्हा चालवा, एरर इंग्रजीत येतो आणि जगभरच्या लोकांना ओळखता येतो.

विषयाची ओळ 'तातडीने मदत हवी!!' नको. 'डेबियन १२, कप्स: झोपेतून उठल्यावर यूएसबी प्रिंटर गायब, रीस्टार्ट केल्यावर परत दिसतो' अशी हवी. फायरफॉक्स असेल तर ट्रबलशूट मोड, लिबरऑफिस असेल तर सेफ मोड आधी करून बघा. त्यात बिघाड नाहीसा झाला तर दोष तुमच्या प्रोफाइलमध्ये किंवा एक्स्टेन्शनमध्ये आहे, म्हणजे दारच बदललं.

लॉग टाकण्याआधी टोकन, पासवर्ड, सार्वजनिक आयपी, कंपनीची होस्टनावं पुसा. लिस्टच्या संग्रहातून नंतर काही काढून घेणं जवळपास अशक्य असतं. टोकन चुकून गेलंच तर पोस्ट काढण्याच्या मागे लागण्याआधी टोकन रद्द करा.

तळटीप

आणि उत्तर आलंच नाही तर? दुसऱ्या दारातही टाकायचं का?

धागेदोरे

आठवडाभर थांबा. मग त्याच धाग्यात नवीन काहीतरी घेऊन या, म्हणजे ताज्या आवृत्तीवरची चाचणी, लहान केलेला तुकडा, आणखी लॉग. नुसतं 'वर आणतोय' नको. तरीही शांतता असेल तर दुसरीकडे विचारा, पण दोन्हीकडे एकमेकांचे दुवे द्या आणि सुटल्यावर दोन्हीकडे उत्तर लिहा. एकाच वेळी चार ठिकाणी गुपचूप टाकलं तर चार माणसं तेच शोधत बसतात, आणि ती माणसं बऱ्याचदा तीच असतात. मेंटेनरला खासगी मेल करू नका, त्यांनी स्वतः मागितल्याशिवाय.

पॅकेजपंत

ठरावीक तासांत उत्तर हवंच असेल तर ते स्वयंसेवकांकडून मागता येत नाही. त्यासाठी पैसे देऊन मिळणारा पाठिंबा आहे. पोस्टग्रेएसक्यूएलच्या संकेतस्थळावर व्यावसायिक सेवा देणाऱ्यांची यादी आहे, डेबियनच्या संकेतस्थळावर सल्लागारांची. रेड हॅटची वर्गणी भरत असाल तर फेडोराच्या फोरमवर वाट बघू नका, वर्गणीतल्या पोर्टलवर केस उघडा.

रफार

भाषांतरातल्या चुकांचं दारही लिहून ठेवतो, कारण त्या बगझिलावर टाकल्या की महिनोन्‌महिने पडून राहतात. लिबरऑफिसचं भाषांतर वेबलेट या भाषांतर-स्थळावर होतं, जीनोमचं 'डॅम्ड लाइज' नावाच्या स्थळावरून. तिथं मराठीचा गट निवडून चुकीची ओळ आणि सुचवलेली ओळ शेजारी-शेजारी द्या. मूळ इंग्रजी ओळही लागते, नाहीतर ती कुठल्या फाइलीत आहे ते शोधण्यातच वेळ जातो.

तळटीप

@रफार, मूळ ओळ मिळवायला तेच 'एलसी_ऑल=सी' लावून ॲप टर्मिनलमधून उघडलं की झालं ना?

रफार

हो, बहुतेक जीनोम ॲपना चालतं. लिबरऑफिसला नाही. त्याची भाषा त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ठरलेली असू शकते, तिथून यूजर इंटरफेस इंग्रजी करून बघा.